फंक्शन कळ कोणाची?
मॅक्रो-योजनेच्या इतिहासातील एक प्रकरण

१

संगणकाचा इतिहास सांगणारे बहुतेक ग्रंथ यंत्राच्या वेगाचा, स्मृतीच्या वाढत्या परिमाणाचा किंवा निर्मात्यांच्या चरित्रांचा मागोवा घेतात. यंत्रासमोर बसून अक्षरे टंकित करणाऱ्या माणसाचा हात त्यांत क्वचितच दिसतो. वस्तुतः त्या हाताचा इतिहास स्वतंत्र आहे, आणि तो लिहिण्यास पुरेशी साधनेही उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखात त्यातील एकाच लहानशा प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या कार्यक्रमांत, म्हणजे चित्रे, खिडक्या आणि माऊस यांच्या आधीच्या किंवा त्यांना बाजूस ठेवणाऱ्या कार्यक्रमांत, कळफलकावरील फंक्शन कळांना मॅक्रो जोडून देण्याची पद्धती कशी उदयास आली, आणि त्या कळांवर अखेर अधिकार कोणाचा मानला गेला, हा तो प्रश्न होय.

प्रथम संज्ञांविषयी. 'मॅक्रो' हा शब्द या क्षेत्रात आला तो असेंब्ली भाषेतील 'मॅक्रो-इन्स्ट्रक्शन' या प्रयोगातून. एका नावाच्या उच्चारासरशी अनेक आज्ञांचा समूह उलगडावा, ही त्यामागील कल्पना. १९६० साली डग्लस मॅकिलरॉय यांनी उच्चस्तरीय भाषांसाठी या कल्पनेचा विस्तार करणारा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा ती कार्यक्रमलेखकांच्या वर्तुळात पुरती रुळली होती. 'की-बोर्ड मॅक्रो' मात्र निराळा. येथे उलगडतो तो आज्ञांचा समूह नसून कळा दाबण्याचा क्रम असतो. एकदा माणसाने जे केले, तेच यंत्राने त्याच्या वतीने पुन्हा करावयाचे. हा भेद वरवर पाहता सूक्ष्म वाटेल. परंतु पुढील विवेचनातील बऱ्याच गुंतागुंतीचे मूळ त्यात आहे.

अल्पाक्षरांनी बहुत सांगण्याची हौस आपल्या परंपरेस अपरिचित नाही. पाणिनीचे प्रत्याहार हे याचे ठळक उदाहरण होय. 'अच्' म्हटले की सर्व स्वर, 'हल्' म्हटले की सर्व व्यंजने. पण या संक्षेपाचे संकटही व्याकरणाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. माहेश्वर सूत्रांत 'ण्' हा अनुबंध दोनदा आल्यामुळे 'अण्' या प्रत्याहाराची मर्यादा कोठपर्यंत समजावी, हे केवळ खुणेवरून ठरत नाही; त्यासाठी व्याख्यानाचा आधार घ्यावा लागतो. खुणा थोड्या, अर्थ पुष्कळ, आणि एकाच खुणेवर दोन अर्थांचा हक्क, हीच अडचण फंक्शन कळांच्या इतिहासात पुन्हापुन्हा भेटते. साम्य याहून पुढे ताणण्यात अर्थ नाही.

२

फंक्शन कळ म्हणजे जिच्यावर कोणतेही अक्षर नेमलेले नाही अशी कळ. 'क' ची कळ दाबली तर 'क' उमटावा अशी अपेक्षा असते. 'एफ५' दाबल्यावर काय व्हावे याविषयी अशी कोणतीही स्वाभाविक अपेक्षा नाही. ती एक रिकामी जागा आहे. १९६५ साली आलेल्या फ्रीडन कंपनीच्या फ्लेक्सोरायटर प्रोग्रामॅटिक या लेखनयंत्रावर 'एफ१' ते 'एफ१३' अशा कळा होत्या, आणि हे नामकरण आजतागायत चालत आले आहे. त्यानंतरच्या दशकात या रिकाम्या जागेच्या दोन परंपरा निर्माण झाल्या. त्या वेगळ्या ओळखल्या नाहीत तर पुढचा इतिहास समजत नाही.

पहिली परंपरा आयबीएमच्या ३२७० या टर्मिनल-मालिकेची. ही मालिका १९७१ सालची. या टर्मिनलवर माणूस जे टंकित करी ते लगेच मुख्य संगणकाकडे जात नसे. पडद्यावरील अर्ज भरावा तसे ते भरले जाई, आणि 'एंटर' किंवा 'पीएफ' नावाची कळ दाबताच बदललेले रकाने एकदम पाठविले जात. सोबत कोणती कळ दाबली हे सांगणारी एका बाइटची खूण जाई. अर्थात 'पीएफ३' चा अर्थ टर्मिनलला मुळीच ठाऊक नसे. तो मुख्य संगणकावरील कार्यक्रम ठरवी. आयएसपीएफ या कार्यक्रमात 'पीएफ३' म्हणजे समाप्ती, 'पीएफ७' म्हणजे वर आणि 'पीएफ८' म्हणजे खाली, असे संकेत रूढ झाले. तथापि तेथेही 'कीज' ही आज्ञा देऊन वापरणाऱ्यास आपल्या कळांचे अर्थ बदलता येत. कार्यालयीन शिस्तीचे प्रतीक मानल्या गेलेल्या या व्यवस्थेत अशी मोकळीक असावी, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

दुसरी परंपरा अक्षरागणिक बोलणाऱ्या टर्मिनलांची. येथे प्रत्येक कळ दाबताच तिचा संकेत तारेवरून निघून जातो. फंक्शन कळेला स्वतःचा एका बाइटचा संकेत देण्याइतकी जागा आस्की या संकेतसंचात नव्हती. म्हणून 'एस्केप' या अक्षराने आरंभ होणारा दोनतीन अक्षरांचा क्रम पाठविण्याची युक्ती निघाली. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने आणलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलच्या अंकफलकावर 'पीएफ१' ते 'पीएफ४' अशा चार कळा होत्या. त्यांतील पहिली दाबली की एस्केप, मोठा 'ओ' आणि मोठा 'पी' अशी तीन अक्षरे संगणकाकडे जात. त्या कंपनीच्या ईडीटी या एडिटरने याच पहिल्या कळेस 'गोल्ड' असे नाव दिले. ती एकटी काही करीत नसे. तिच्यामागून दाबलेल्या कळेचा अर्थ पालटून टाकी. 'डिफाइन की' ही आज्ञा देऊन वापरणारा स्वतःचे क्रमही अशा कळांवर बसवू शके.

या दुसऱ्या परंपरेत कळ म्हणजे अक्षरांचा क्रम आणि मॅक्रो म्हणजेही अक्षरांचा क्रम. दोहोंचे द्रव्य एकच. एका क्रमाच्या जागी दुसरा क्रम ठेवला की काम झाले. हे द्रव्यसाम्य हेच तिच्या लवचिकपणाचे कारण होते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तिच्या दुर्बलतेचेही.

३

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. टेको हा एडिटर डॅन मर्फी यांनी एमआयटी येथे १९६२-६३ च्या सुमारास पीडीपी-१ या संगणकासाठी लिहिला. नावाचा मूळ अर्थ कागदी पट्टीचा संपादक व दुरुस्तीकार असा होता. टेकोमध्ये आज्ञा म्हणजे एकेक अक्षर. मजकूर 'क्यू-रजिस्टर' नावाच्या कप्प्यांत साठविता येई. आणि त्या कप्प्यातील मजकूर 'एम' या आज्ञेने पुन्हा आज्ञा म्हणून चालविता येई. म्हणजे जे लिहिले तेच करविता येई. मजकूर आणि कृती यांमधील भिंत येथे पहिल्यापासूनच पातळ होती. टेकोचे आज्ञाक्रम अनभ्यस्त डोळ्यास निव्वळ गोंगाटासारखे दिसत, हे खरे. परंतु ती एक पूर्ण कार्यक्रम-भाषा होती, हे विसरून चालणार नाही.

१९७२ साली एमआयटीच्या कृत्रिम प्रज्ञा प्रयोगशाळेत कार्ल मिकेलसन यांनी टेकोला पडद्यावर सतत मजकूर दाखविणारी 'कंट्रोल-आर' ही अवस्था जोडून दिली. त्यानंतर रिचर्ड स्टॉलमन यांनी तीत एक भर घातली, ती अशी की या अवस्थेत कोणतीही कळ दाबली असता तिला जोडलेला टेकोचा मॅक्रो चालावा. भर लहान होती. परिणाम मात्र मोठा झाला. आजवर कळेचा अर्थ एडिटर लिहिणारा ठरवीत असे. आता तो एडिटर वापरणारा ठरवू लागला, आणि त्यासाठी त्यास मूळ कार्यक्रमास हात लावण्याचेही कारण उरले नाही.

यानंतर जे घडले ते इतिहासकाराने सावकाश पाहावे असे आहे. प्रयोगशाळेतील मंडळींनी आपापले मॅक्रोसंच रचण्यास आरंभ केला. टेकमॅक, टीमॅक्स अशी त्यांची नावे आपणांस मिळतात. प्रत्येकाची कळयोजना निराळी. एकाच्या संचात जी कळ शब्द पुसे, ती दुसऱ्याच्या संचात परिच्छेद जुळवून देई. परिणामतः एकाच खोलीत, एकाच यंत्रावर, एकच एडिटर वापरणारी माणसे परस्परांच्या टर्मिनलवर बसली की पांगळी होऊ लागली. सहकाऱ्याच्या खांद्यावरून वाकून एक चूक दुरुस्त करून देणे, ही अशा प्रयोगशाळेतील अगदी नित्याची गोष्ट. तीच अवघड झाली. व्यक्तीस मिळालेल्या पूर्ण स्वातंत्र्याने समूहाची भाषाच भंगली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

१९७६ साली गाय स्टील यांनी या निरनिराळ्या संचांचे एकीकरण करण्याचे काम अंगावर घेतले. त्यांत डेव्हिड मून यांचाही सहभाग होता, आणि पुढे ते काम मुख्यतः स्टॉलमन यांनी तडीस नेले. या एकत्रित संचाचे नाव ईमॅक्स, म्हणजे 'एडिटर मॅक्रोज' या शब्दांचा संक्षेप. या नावाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे वाटते. जगातील एक अत्यंत दीर्घायुषी एडिटर मूलतः कळांना जोडलेल्या मॅक्रोंचा संग्रह होता, आणि त्या संग्रहाचे जन्मकारण नव्या सोयीची हाव हे नसून विस्कटलेल्या संकेतांची पुनर्बांधणी हे होते.

तरीही ईमॅक्सने स्वातंत्र्य काढून घेतले नाही. त्याने एक सामान्य भूमी निश्चित केली आणि तीपासून दूर जाण्याची मुभा ठेवली. स्टॉलमन यांच्या १९८१ च्या निबंधाच्या शीर्षकातच ईमॅक्सची तीन विशेषणे येतात: तो विस्तारता येतो, आपल्या सोयीप्रमाणे बदलता येतो, आणि स्वतःविषयी स्वतःच सांगतो. यांतील तिसरे विशेषण आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. 'ही कळ दाबली असता या घटकेला काय होईल?' असा प्रश्न ईमॅक्सला विचारता येतो, आणि तो छापील पुस्तिकेतले उत्तर न देता त्या घटकेच्या वस्तुस्थितीचे उत्तर देतो. परक्याच्या टर्मिनलवर बसलेल्या माणसास यापेक्षा अधिक आधार देता आला नसता. वर ज्या व्याख्यानाचा उल्लेख केला, ते व्याख्यान येथे यंत्रातच ठेवलेले आहे.

ईमॅक्सच्या वाटपाबरोबर एक अटही जोडलेली होती: ज्याने जी सुधारणा केली ती मूळ संग्रहाकडे परत पाठवावी. स्टॉलमन या व्यवस्थेस 'ईमॅक्स कम्यून' म्हणत. पुढे १९८३ साली त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८५ पासून जीएनयू ईमॅक्स लोकांच्या हाती येऊ लागला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा संपूर्ण उगम कळांच्या अर्थावरून झालेल्या गोंधळात शोधणे हे अतिशयोक्त होईल. पण त्या चळवळीच्या प्रवर्तकाने समूह व व्यक्ती यांमधील हा पेच प्रथम कळफलकावर हाताळला होता, एवढे म्हणण्यास आधार आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी. एमआयटीमध्येच जॉन कल्प यांनी लिस्प यंत्रांसाठी जो कळफलक तयार केला, आणि जो पुढे विनोदाने 'स्पेस-कॅडेट' म्हणून प्रसिद्ध झाला, त्यावर रोमन अंक असलेल्या चार कळा होत्या आणि 'मॅक्रो' असे स्पष्ट छापलेली एक कळ होती. कल्पनेस कळफलकावर स्वतःची जागा मिळाली, पण त्या जागेस फार आयुष्य लाभले नाही.

४

पश्चिम किनाऱ्यावर, बर्कली येथे, बिल जॉय यांनी १९७६ पासून घडविलेल्या व्ही-आय या एडिटरची वाट वेगळी होती. त्यात 'मॅप' ही आज्ञा होती, आणि फंक्शन कळेचा निर्देश अंकाआधी चौकडीचे चिन्ह लिहून करता येई. ज्या टर्मिनलवर फंक्शन कळाच नाहीत, तेथे तीच दोन चिन्हे एकामागून एक टंकित केली तरी चाले. कोणत्या टर्मिनलची कोणती कळ कोणता क्रम पाठविते, याची सूची 'टर्मकॅप' नामक फाइलमध्ये १९७८ पासून ठेवली जाऊ लागली. ही सूची तत्कालीन यंत्रांचा एक प्रकारचा कोशच आहे. मात्र व्ही-आयमध्ये एस्केप ही स्वतःच एक अत्यंत महत्त्वाची कळ असल्याने एक विचित्र अडचण उद्भवली. एस्केप आले म्हणजे माणसाने ती कळ दाबली, की एखाद्या फंक्शन कळेच्या क्रमाचा तो आरंभ आहे? यावर उपाय एकच: क्षणभर थांबून पुढचे अक्षर येते का ते पाहावयाचे. संथ टेलिफोन-तारेवर हा निर्णय चुके, आणि फंक्शन कळेची शेपटी मजकुरात अक्षरे म्हणून उमटे. १९९१ साली ब्रॅम मुलेनार यांनी प्रसृत केलेल्या व्हिम या वंशजात 'क्यू' दाबून कृतिक्रम नोंदविण्याची सोय झाली. तीपुरता येथे उल्लेख पुरे.

५

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला. त्याच्या कळफलकाच्या डाव्या अंगास दोन ओळींत दहा फंक्शन कळा होत्या. आता कळ आणि कार्यक्रम यांमध्ये तार उरली नाही; टर्मिनल व संगणक एकच झाले. या यंत्राच्या बेसिकमध्ये पडद्याच्या पंचविसाव्या ओळीवर कळांचे अर्थ दिसत: 'एफ१' म्हणजे 'लिस्ट', 'एफ२' म्हणजे 'रन', 'एफ३' म्हणजे 'लोड'. 'की' ही आज्ञा देऊन कोणत्याही कळेस पंधरा अक्षरांपर्यंतचा मजकूर जोडता येई. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकावरही लाल रंगाच्या दहा कळा होत्या, आणि त्यांच्यावर वापरणाऱ्यास आपले मजकूर ठेवता येत. अनेक शाळकरी मुलांनी लिहिलेला पहिला 'कार्यक्रम' हा अशा एका कळेवरचा पंधरावीस अक्षरांचा क्रम असावा, असा आमचा तर्क आहे.

परंतु फंक्शन कळांचा सर्वांत भरघोस उपयोग केला तो वर्डपरफेक्टने. अॅलन अॅश्टन आणि ब्रूस बॅस्टियन यांनी यूटामधील ओरेम शहराच्या प्रशासनासाठी डेटा जनरल संगणकावर लिहिलेला हा कार्यक्रम १९८२ मध्ये पर्सनल कॉम्प्युटरवर आला. दहा कळा; प्रत्येक कळ एकटी, शिफ्टसह, ऑल्टसह आणि कंट्रोलसह. म्हणजे चाळीस स्थाने, आणि ती सर्व निर्मात्याने भरून टाकलेली. पडदा जवळजवळ कोरा असे. कोणत्या कळेत काय आहे ते कळफलकाभोवती बसविलेल्या रंगीत छापील पट्टीवरून वाचावे लागे. ही पट्टी हरवली म्हणजे नवखा लेखनिक हतबल होई, आणि मुरलेल्या लेखनिकास तिची आठवणही होत नसे.

मग वापरणाऱ्यास जागा कोठे उरली? ती अक्षरांच्या कळांवर सरकली. कंट्रोलसह 'एफ१०' दाबले की नोंदणी सुरू होई. नाव म्हणून ऑल्ट व एखादे अक्षर दाबावयाचे. मग पडद्याच्या कोपऱ्यात मॅक्रो नोंदविला जात असल्याची सूचना लुकलुकत राही आणि हाताने केलेली प्रत्येक कृती साठविली जाई. पुन्हा कंट्रोल-एफ१० दाबले की नोंदणी थांबे. पुढे १९८८ च्या ५.० या आवृत्तीत दोन मोठे बदल झाले. नोंदविलेला मॅक्रो वाचून दुरुस्त करण्याचा एडिटर मिळाला, आणि 'कीबोर्ड लेआउट' या योजनेने फंक्शन कळांसह कोणत्याही कळेवर मॅक्रो बसविता येऊ लागला. निर्मात्याने भरलेली चाळीस स्थाने अशा रीतीने परत मागता आली.

येथे नोंदविलेल्या मॅक्रोच्या स्वभावाविषयी थोडे विस्ताराने बोलणे अवश्य आहे. समजा, लेखनिकाने मजकूर साठविण्याची कृती नोंदविली. 'एफ१०' दाबले, फाइलचे नाव दिले, 'एंटर' दाबले. त्या नावाची फाइल आधीच असल्याने कार्यक्रमाने विचारले, 'जुनीच्या जागी ही ठेवू काय?' लेखनिकाने होकारार्थी 'वाय' दाबला. नोंद पूर्ण झाली. आता हाच मॅक्रो अशा जागी चालविला की जेथे त्या नावाची फाइल अद्यापि नाही, तर प्रश्न विचारलाच जात नाही. आणि उत्तरादाखल आलेला 'वाय' सरळ पत्राच्या मजकुरात जाऊन बसतो. मॅक्रो कळा लक्षात ठेवतो. प्रश्न लक्षात ठेवीत नाही. एका संवादातील एकाच बाजूची वाक्ये लिहून ठेवून ती दुसऱ्या संवादात म्हणून दाखविण्यासारखा हा प्रकार आहे. आज्ञांचा मॅक्रो आणि कळांचा मॅक्रो यांमध्ये आरंभी जो भेद केला, त्याचे व्यावहारिक मोल हे असे आहे.

कळांचे अर्थ सर्व कार्यक्रमांत एक असावेत, असा आयबीएमचा १९८७ चा 'कॉमन यूजर अॅक्सेस' हा प्रयत्न प्रसिद्ध आहे. त्यानुसार 'एफ१' म्हणजे साहाय्य. वर्डपरफेक्टमध्ये मात्र साहाय्य 'एफ३' वर होते आणि 'एफ१' ने चालू कृती रद्द होई. एका कार्यक्रमातून दुसऱ्यात गेलेल्या माणसाचे बोट, मदत मागावयाची त्या क्षणी, माघार घेई. १९७० च्या दशकात एका प्रयोगशाळेत जे घडले, तेच येथे बाजारपेठेच्या प्रमाणावर घडले; फरक एवढाच की येथे परस्परांचे संच जुळवून घेण्यास बसणारी माणसे एका छताखाली नव्हती.

६

वर ज्या द्रव्यसाम्याचा निर्देश केला, त्याची काळी बाजू आता पाहू. १९८३ साली आलेल्या व्हीटी२२० या टर्मिनलवर 'एफ६' पासून 'एफ२०' पर्यंतच्या पंधरा कळांना शिफ्टसह स्वतंत्र मजकूर देता येई. सर्व मिळून २५६ बाइटांची जागा. विशेष असे की हा मजकूर माणूस कळफलकावरून बसवीत नसे. संगणकच एका ठराविक क्रमाने तो टर्मिनलकडे पाठवी. म्हणजे पडद्यावर दाखविण्यासाठी आलेला प्रवाह आणि कळांचे अर्थ बदलणारा प्रवाह हे दोन्ही एकाच वाटेने येत. अन्य कोणी पाठविलेला निरोप निव्वळ वाचावयास उघडला, आणि त्यात असा क्रम दडलेला असला, तर कळेचा अर्थ वाचकाच्या नकळत पालटे. निर्मात्यांस याची जाणीव असावी, कारण या कळांना कुलूप घालण्याची तरतूद त्यांनी केली होती.

डॉसच्या 'अॅन्सी डॉट सिस' या चालकात, जो १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर आला, अशीच सोय होती. एस्केप, चौकटी कंस, शून्य, एकोणसाठ, मग अवतरणात हवा तो मजकूर आणि शेवटी छोटा 'पी', एवढे पडद्यावर 'छापले' की 'एफ१' कळेत तो मजकूर बसे. शून्य व एकोणसाठ हा 'एफ१' चा संकेत होय. प्रामाणिक वापरणाऱ्यांनी या युक्तीने आपल्या नित्याच्या आज्ञा कळांवर ठेवल्या. पण हीच अक्षरे एखाद्या साध्या वाटणाऱ्या मजकूर-फाइलमध्ये घालून, तेरा हा 'एंटर' चा संकेत मागे जोडून, फाइली पुसणारी आज्ञा दुसऱ्याच्या कळेवर बसविणेही तितकेच सोपे होते. टेलिफोनवरून चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांच्या काळात अशा फाइलींस 'अॅन्सी बाँब' असे नाव पडले. त्यावर एक तोडगा असा निघाला की या चालकाच्या जागी ही सोय नसलेला दुसरा चालक वापरावयाचा. अर्थात कळ वापरणाऱ्याची राहावी म्हणून वापरणाऱ्याने आपला एक अधिकार सोडून द्यावयाचा.

७

जीएनयू ईमॅक्सने या प्रश्नावर जी तडजोड केली आहे, ती विद्यार्थ्यांनी मूळ दस्तऐवजातून पाहावी. मॅक्रो नोंदविण्याची जुनी रीत म्हणजे कंट्रोल-एक्स व डावा कंस हा आरंभ, कंट्रोल-एक्स व उजवा कंस हा शेवट, आणि कंट्रोल-एक्स व 'ई' ही आवृत्ती. २००७ च्या बाविसाव्या आवृत्तीपासून 'एफ३' हा आरंभ आणि 'एफ४' हा शेवट झाला. नोंदणी संपल्यावर तीच 'एफ४' मॅक्रो चालविते, आणि नोंदणी चालू असता 'एफ३' एक वाढता अंक मजकुरात घालते. मॅक्रोस नाव देता येते, कळेवर बसविता येते, आणि त्याचा मजकूर आरंभ-फाइलमध्ये लिहून ठेवला की तो पुढील बैठकीसही उपलब्ध राहतो. शून्य हा आवृत्तीचा अंक दिला तर मॅक्रो चूक होईपर्यंत चालत राहतो. मॅक्रोच्या आरंभी एखादा शब्द शोधण्याची कृती असली की शेवटचे स्थळ होऊन गेल्यावर शोध फसतो, आणि त्या फसण्यानेच मॅक्रो थांबतो. अपयश येथे विरामचिन्हाचे काम करते. नोंदविलेला मॅक्रो आंधळा असतो हे वर दाखविले. त्या आंधळेपणात काठीचा उपयोग कसा करावा, हे या एका युक्तीत दिसते.

तडजोड मात्र निराळ्याच ठिकाणी आहे. ईमॅक्ससाठी विस्तार लिहिणाऱ्यांस जे संकेत घालून दिले आहेत, त्यांत कंट्रोल-सी व त्यामागून एखादे अक्षर, तसेच कोणत्याही जोडकळेविना 'एफ५' ते 'एफ९', या कळा वापरणाऱ्याच्या म्हणून राखून ठेवल्या आहेत. कोणत्याही विस्ताराने त्यांवर हक्क सांगू नये. 'एफ१' साहाय्याची, 'एफ३' व 'एफ४' मॅक्रोंच्या, 'एफ१०' मेनूची. मधल्या पाच मात्र रिकाम्या. गावाच्या जमिनीत गायरान राखावे तसा हा प्रकार आहे, इतकेच की येथे राखलेली जमीन सामाईक नसून प्रत्येकाची खाजगी आहे आणि सामाईक आहे तो ती न बळकावण्याचा करार. या करारास यंत्राचे कोणतेही कुलूप नाही. तो केवळ लिहिलेला आहे, आणि सामान्यतः पाळला जातो.

८

शेवटी साधनांविषयी, कारण या विषयावर काम करू इच्छिणाऱ्यास कागदपत्रांहून एक वेगळे साधन हाताशी आहे. आज एखाद्या लिनक्स यंत्रावर एक्सटर्म उघडून फंक्शन कळांचे क्रम तपासले, तर पहिल्या चार कळा एस्केप, 'ओ' आणि 'पी', 'क्यू', 'आर', 'एस' यांपैकी एक असा क्रम पाठवितात. हे व्हीटी१०० च्या अंकफलकावरील त्या चार कळांचेच संकेत होत. पाचवीपासून पद्धती बदलते आणि अंक येतात: 'एफ५' ला पंधरा, 'एफ६' ला सतरा, 'एफ१०' ला एकवीस, 'एफ११' ला तेवीस. सोळा आणि बावीस हे अंक गाळलेले आहेत. व्हीटी२२० च्या कळफलकाचे चित्र शेजारी ठेवले असता असे दिसते की त्याच्या वरच्या ओळीत 'एफ५' व 'एफ६' यांच्यामध्ये, तसेच 'एफ१०' व 'एफ११' यांच्यामध्ये मोकळी जागा सोडलेली होती, आणि गाळलेले अंक नेमके त्या जागांशी जुळतात. पर्सनल कॉम्प्युटरच्या संकेतांतही अशीच एक भेग आहे. 'एफ१' ते 'एफ१०' यांचे संकेत एकोणसाठ ते अडुसष्ट असे सलग येतात, आणि 'एफ११' एकदम एकशे तेहतिसावर जाते. कारण मूळ यंत्रास दहाच कळा होत्या, आणि उरलेल्या दोन १९८५-८६ च्या सुमारास आलेल्या एकशेएक कळांच्या कळफलकाने जोडल्या. ज्या टर्मिनलांची निर्मिती कधीच थांबली, त्यांच्या प्लॅस्टिकच्या साच्यातील फटी अशा रीतीने आजच्या लॅपटॉपवर दर वेळी 'एफ११' दाबताना तारेवरून जातात, जरी आता तेथे तारही नसते.